मंगळवारचं विमान

आमच्या सानपाड्याच्या बिल्डिंगीत कॅलेंडर घरोघरी होतं, पण पंचांग बघावं तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. संकष्टीच्या चंद्रापासून बारशाच्या वेळेपर्यंत सगळे त्यांनाच विचारायचे. म्हणून दादाचं आखातातल्या नोकरीचं तिकीट आलं, तेव्हा तेही अण्णांनीच वाचलं. "मंगळवार, रात्री साडेबारा. मंगळवारी संध्याकाळी निघू," म्हणाले. कुणाला शंका आली नाही. आमच्यात सूर्य उगवल्याशिवाय वार बदलतो होय!

मंगळवारी दिवसभर घरात नुसती झुंबड. आई शेंगदाण्याची चटणी भरत होती, शेजारणी दादाला ओवाळायला येत होत्या. टीव्ही लावायला सवड कुणाला?

विमानतळावर खिडकीतल्या बाईंनी तिकीट पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. नावावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "हे तुमचे कोण?"

"कोण म्हंजे?" दादा म्हणाला. "मीच की!"

बाई उठून बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितलं. तिकिटावरचा मंगळवार सोमवारच्या मध्यरात्रीच सुरू झाला होता. विमान तेव्हाच गेलं होतं आणि पहाटे उतरता उतरता डोंगरावर आदळलं होतं. कुणीच वाचलं नव्हतं.

मी दादाचा हात धरला तो सोडवेचना. अण्णा मात्र एकच बोलत राहिले, "मी चुकलो रे. वार चुकलो."

पुढं पेपरात आलं. विमानाला रेडिओवरून दिशा दाखवणारं जमिनीवरचं केंद्रच वैमानिकांनी भलतं निवडलं, विमान उलट्या बाजूला वळलं, अन् दोघांनाही वाटलं की दुसऱ्यानं तपासलंय. वाचून अंगावर काटा आला. अजून येतो. त्यांची चूक केवढीशी, आमची केवढीशी! कुठली चूक कुणाला कुठं नेईल, देवा, तुझं तुलाच ठाऊक. शेजारी अण्णांच्या पाया पडायला लागले, तर ते भडकायचे. "तिकडं माणसं गेली, अन् तुमी माझ्या पाया काय पडता?" पंचांग त्यांनी माळ्यावर टाकून दिलं.

वर्षभरानं दुसरं तिकीट आलं. दादा वाचायला लागला, तर आईनं ते त्याच्या हातातून हिसकावलं आणि अण्णांपुढं धरलं.

"मला नको," अण्णा म्हणाले. त्यांनी हात पाठीमागं घेतले.

"तुमीच वाचा," आई म्हणाली. "चुकलात तरी चालंल."