दोन मजल्यांचा एक एसी

सौदीतल्या कतीफच्या त्या घरात आम्ही दोन कुटुंबं राहत होतो. खाली मी, माझा नवरा आणि आमची शाळेत जाणारी मुलगी. वर माझे मोठे दीर आणि जाऊबाई. घर जुनं होतं आणि दोन्ही मजल्यांना मिळून एकच एसी होता. भिंतीवर टांगतात तसला नव्हे. गच्चीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी कपाटाएवढी पत्र्याची पेटी, तिच्या माथ्यावर मोठा पंखा, आणि तिथून निघून छताखालून दोन्ही मजल्यांच्या खोल्याखोल्यांत गेलेला पत्र्याचा डक्ट. उन्हाळ्यात त्यातून गार हवा यायची. हिवाळ्यात उत्तरेचा बोचरा वारा सुटला की तेच यंत्र गरम हवा द्यायचं, आणि पहिल्या दिवशी सगळ्या घराला जळक्या धुळीचा वास मारायचा.

मी त्या घरात आले तेव्हाच ते यंत्र म्हातारं झालं होतं. सुरू होताना ते स्लॅबवर आदळायचं. भिंतीतल्या खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर हलायचं. बंद होताना आणखी जोरात आदळायचं. मुलगी लहान असताना त्या आवाजाला दचकून रडायची, पुढे पुढे तिने मान वर करणंही सोडून दिलं.

त्याचा धनी म्हणजे माझे दीर. एका कंत्राटदाराकडे ते एसी मेकॅनिक होते, रोज कंपनीच्या बसने धाहरानला जायचे. माझ्या नवऱ्याला व्हिसा त्यांनीच मिळवून दिला, वेल्डिंग शिकायलाही त्यांनीच घातलं होतं. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. यंत्र बिघडलं की बनियनवर गच्चीत जायचे आणि आधी त्याला शिव्या घालायचे, मग लाथ. पंखा अडला तर हातोड्याने पत्रा ठोकायचे. पत्रा ठोकून ठोकून पंख्यावरची जाळी वाकली आणि पात्याला घासायला लागली, तेव्हा त्यांनी जाळीच काढून कोपऱ्यात फेकून दिली.

"भाऊजी, उघडा पंखा आहे, कुणाला लागेल," मी म्हणाले होते.

"गच्चीवर मीच जातो. मला काय लागणारे?"

एका हिवाळ्यात गरम हवेऐवजी डक्टमधून धूर आला. ते धावत वर गेले आणि मेन स्विच न पाडताच जळणारी वायर हाताने ओढली. विजेने त्यांना असं झिडकारलं की ते पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटले. उठले, कपाळावरचं रक्त पुसलं आणि परत येऊन यंत्राला लाथांवर लाथा घातल्या, पत्र्याला पोचा पडेपर्यंत. आम्ही जिन्यात उभे राहून हसत होतो. ते स्वतःही हसले.

पुढच्या वसंतात घरमालक आला. तिथलाच म्हातारा, हातात जपमाळ, शांत माणूस. गच्चीवर जाऊन यंत्र बघितलं आणि तळहात झटकले. "खलास. हे काढू. प्रत्येक खोलीत भिंतीवर नवा स्प्लिट एसी बसवतो. उन्हाळ्याच्या आत."

माझा नवरा "शुक्रन, शुक्रन" म्हणत आभार मानायला लागला तोच दीर मध्ये पडले. मोडक्या अरबीत त्यांनी घरमालकाला सांगितलं की यंत्र चांगलं आहे, ते स्वतः चालवतील, कुणी हात लावायचा नाही. म्हातारा बुचकळ्यात पडला. भाडेकरूच नको म्हणतो तर तो तरी काय करणार? "इन्शाल्ला" म्हणून निघून गेला.

खाली येऊन माझा नवरा म्हणाला, "दादा, तो फुकट बदलून देतोय. नाही कशाला म्हणालास?"

"मी इथून जाईन तेव्हा काय घालायचा तो गोंधळ घाला. तोवर नाही."

"कुठे जाणारेस तू?"

दीर जिना चढून गेले. दार असं आपटलं की आमच्या चौकटीतून माती गळली.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी मला सांगितलं. त्यांच्या कंत्राटदाराचं काम गेलं होतं. नव्या लोकांनी तरुण पोरं आणली होती. जुन्यांना खुरूज, म्हणजे देश कायमचा सोडून जाण्याचा शिक्का, मिळणार होता. दिरांना कळवलं होतं की उन्हाळा संपला की निघायचं. "भावाला सांगू नकोस म्हणाले," जाऊबाई म्हणाल्या. "तो माझी कीव करेल म्हणाले. आणि अगं, रात्री झोपेत दात खातात. मला भीती वाटते."

मी नवऱ्याला सांगितलं नाही. जाऊबाईंना शब्द दिला होता.

ऑगस्टमध्ये समुद्राची दमट हवा कतीफवर बसते. कपडे वाळत नाहीत, भिंतींना घाम येतो. त्या ऑगस्टमध्ये यंत्राने दोन मजल्यांना पुरेशी हवा द्यायचं सोडलं. डक्टमध्ये प्रत्येक मजल्याला एक पत्र्याची झडप होती, जिन्यातल्या दांड्याने उघडमीट करता यायची. वरची झडप मिटली की खाली हवा यायची, खालची मिटली की वर. आधी भावाभावांनी ठरवून वेळा वाटून घेतल्या. मग त्या वेळा पाळेनाशा झाल्या. मग दोन्ही घरांतली माणसं जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायला लागली.

एका दुपारी मुलगी शाळेतून आली आणि दारातच ओकली. अंगभर घामोळं, डोळे खोल गेलेले. मी ओल्या फडक्याने तिला पुसत होते. "आय अ‍ॅम फाइन, मम्मा," ती म्हणत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात डक्टची हवा थांबली. मी जिन्यात धावले. जाऊबाई दांड्याला धरून उभ्या होत्या.

"सोडा ते, ताई. पोर आजारी आहे."

"आमची वेळ आहे. हे रात्रपाळी करून आलेत, वर भट्टीत पडलेत तळमळत."

"सोडा म्हणते ना!"

मी त्यांचं मनगट पिरगाळलं. बांगड्या फुटल्या, काच त्यांच्या हातात घुसली. त्यांनी दुसऱ्या हाताने माझे केस धरून डोकं भिंतीवर आदळलं. आयुष्यात मी कुणावर हात उगारला नव्हता, आणि त्या क्षणी मला त्यांना जिन्यावरून ढकलायचं होतं, खरोखर ढकलायचं होतं. मुलगी दारात येऊन किंचाळली म्हणून आम्ही थांबलो. जाऊबाईंच्या हातातून पायरीवर रक्त ठिबकत होतं. त्या तशाच वर गेल्या. झडप मी उघडली.

संध्याकाळी नवरा आला, माझ्या कपाळाचं टेंगूळ बघितलं आणि काही विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, दिरांच्या खुरूजसकट. तो पलंगावर बसला तो उठेचना. "मला का नाही सांगितलं त्याने?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

त्यानंतर आला शुक्रवार, सुट्टीचा दिवस. यंत्र सकाळपासून सारखं बंद पडत होतं. आत दाब वाढला की ते आपोआप बंद व्हावं म्हणून एक सेफ्टी स्विच असतो. दुपारच्या नमाजाची बांग होऊन गेल्यावर यंत्र सुरू झालं आणि मग थांबेचना. आवाज वाढत गेला, वाढत गेला, घर दात वाजवल्यासारखं थरथरायला लागलं. नवऱ्याने कान दिला आणि त्याचा चेहरा उतरला. "दादाने स्विच काढून थेट जोडलंय. फुटेल ते." तो गच्चीकडे धावला. मी त्याच्यामागे.

गच्चीवर ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. दीर यंत्राशेजारी उभे होते, हातात लांब पाइप पाना, अंगातून घामाच्या धारा.

"दादा, बंद कर. आता पुरे."

"हात लावायचा नाही."

"फुटलं तर वर-खाली सगळी मरतील! खाली माझी पोर आहे, दादा!"

"चालवून दाखवतो मी. म्हातारं झालं म्हणून फेकून द्यायचं? सगळ्यांना फेकायचीच घाई झालीय!"

"तुझी नोकरी गेली, त्याचा राग या पत्र्यावर काढू नकोस."

हे ऐकलं आणि त्यांनी पाना फिरवला. नवऱ्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या सगळ्या खडखडाटातही मला ऐकू आला. नवरा गुडघ्यावर आला. दिरांनी पाना पुन्हा उचलला. माझा नवरा, ज्याने थोरल्या भावासमोर कधी आवाज चढवला नव्हता, तो तसाच उसळून उठला आणि धडधाकट खांद्याने त्यांना छातीवर धडक दिली. दीर मागे कोलमडले. आधारासाठी त्यांनी हात मागे टाकला, आणि तो यंत्राच्या माथ्यावर, त्या उघड्या पंख्यात गेला.

ओरडणं नंतर आलं. आधी पाती अडखळली, खाट् खाट् झालं, आणि तापलेल्या पत्र्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले. माझ्या चेहऱ्यावरही. मी भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावले आणि दोन्ही हातांनी त्याला लटकून तो खाली ओढला. यंत्र शेवटचं आदळलं. सगळीकडे एकदम शांतता झाली आणि त्यात दिरांची किंकाळी.

नवरा त्यांना एका हाताने छातीशी धरून बसला होता. "दादा, दादा," करत आपला शर्ट त्यांच्या हाताला गुंडाळायला बघत होता, पण मोडका खांदा हलत नव्हता. शर्ट मी गुंडाळला. जाऊबाई वर आल्या, बघितलं आणि आपली ओढणी फाडून माझ्या हातात दिली.

इस्पितळात अशा जखमा आल्या की पोलीस येऊन विचारतो. तरुण शिपाई होता. हिंदी येणाऱ्या एका नर्सला त्याने दुभाषी केलं. दिरांना भूल द्यायची तयारी चालली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. ते खरं बोलले असते, तर दोघेही तुरुंगात गेले असते.

"मशीन ठीक करते हाथ गया," दीर म्हणाले. "भाई खींचने आया, वो गिरा. कंधा उसी में टूटा." शिपायाने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान हलवली. दीर डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं.

उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली.

घरमालकाने त्याच आठवड्यात माणसं पाठवली. त्यांनी घणांनी डक्ट फोडला, पत्रे करवतले, ती पेटी क्रेनने उचलून खाली ट्रकमध्ये टाकली. दिवसभर घाव पडत होते. दोन्ही घरांची माणसं आमच्या एकाच खोलीत बसली होती, कारण तिथे पहिला स्प्लिट बसला होता. दीर पलंगावर, हात उशीवर ठेवलेला. नवरा खुर्चीत, खांदा पट्ट्यात. वर घण पडला की दोघेही दचकत. दुपारी जाऊबाईंनी भात कालवून दिरांना भरवला. मग दुसरा घास घेऊन त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या, त्यालाही उजवा हात उचलता येत नव्हता. त्याने मान खाली घालून तो खाल्ला.

खुरूज लागलं आणि ते दोघं गेले. विमानतळावर माझा नवरा थोरल्या भावाच्या पाया पडला नाही, मिठीही नाही. दिरांनी फक्त त्याच्या मोडक्या खांद्याजवळ डावा हात नेला, शर्टाची कॉलर नीट केली आणि आत गेले.

पुढच्या सुट्टीत आम्ही रायगडला घरी गेलो, तेव्हा मी आणि जाऊबाई पडवीत कोळंबी सोलत बसलो होतो. पुरुष आत, टीव्हीसमोर, मधे एक खुर्ची सोडून.

"तुझा काही बोलतो का त्याबद्दल?" त्यांनी विचारलं.

"नाही. भाऊजी?"

"नाही." त्यांनी एका कोळंबीचा काळा दोरा ओढून काढला. "काल मात्र विचारत होते, त्याचा खांदा पावसाळ्यात दुखतो का म्हणून. मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्हीच विचारा."

"दुखतो," मी म्हणाले.

"सांगते त्यांना," त्या म्हणाल्या, आणि टोपली माझ्याकडे सरकवली.