लिंबाखालचा अर्ज

समोरचा माणूस "मी बहू गरीब शे" असं म्हणाला, की आबा टाक खाली ठेवत.

"गरीब तर मामलेदारना घोडाबी शे. तू काय काम करस, ते सांग."

तळोद्याच्या कचेरीसमोर, लिंबाखाली बसून आबा लोकांचे नोकरीचे अर्ज लिहीत. असे अर्जनवीस तुम्हीही पाहिले असतील. बहुतेकांचा अर्ज 'हुजुरांच्या पायांची धूळ' इथून सुरू होई आणि उमेदवाराला काय येतं हे लिहायला कागदच उरत नसे. आबा आधी काम पाहत. आचारी आला तर त्याला चूल मांडायला लावत आणि जेवायला शेजारच्या शाळेतून मला बोलावत. "मास्तर, मीठ कसं शे?" एवढंच विचारत. त्यापायी मी पुष्कळ वाईट वरण खाल्लं.

एकदा डोंगरातल्या मोलगीकडचा एक पावरा आदिवासी आला. टपालखात्याला डोंगरातलं टपाल पायी नेणारा हलकारा हवा होता. जागा मिळाली नाही तर त्याला बायकोमुलांसह पुन्हा गुजरातेत मजुरीला जावं लागणार होतं. बाकीच्या उमेदवारांना पेठेतल्या शेठजींच्या शिफारशी होत्या.

"मना कोनी शेठ नही," तो खाली पाहत म्हणाला.

"शेठ काय टपाल उचलस का? पूर उना तर नदी कोठे उतरस?"

त्यानं बोटानं धुळीत नदी काढली. कुठला खडक बुडतो, कुठला उघडा राहतो, कुठे थांबून वाट पाहायची, सारं दाखवलं. आबांनी तेवढंच लिहिलं. शेवटी एक ओळ घातली : 'एकदा पिशवी देऊन पाहावे.'

"आबा, नमस्कार राहिला," मी म्हणालो.

"घाली देस. नमस्कारले कोठे पूर आडा येस?"

टपालाच्या साहेबानं खरंच पिशवी देऊन पाहिली. भर पावसात ती मोलगीला कोरडी पोचली. जागा पावऱ्याला मिळाली.

पुढे लिंबापाशी आला की तो आपली घुंगरांची काठी मुद्दाम जोरात आपटी. आबा मान वर न करता म्हणत, "मन्हा अर्ज चालना मोलगीले."

या वर्षी आबा गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा 'थोर', 'परोपकारी' असे शब्द आले. ते खोडले. आबांनी टाक खाली ठेवला असता.

हलकारा अजून त्याच वाटेनं जातो. लिंब जवळ आला की घुंगरं मुठीत धरतो, आणि पेठेच्या वळणावर पोचल्यावर सोडतो.