जजबाई आणि कुलूपवाला

आमच्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या बाईंना आम्ही जजबाई म्हणायचो. तोंडावर नाही अर्थात, मला नोकरी प्यारी होती. मी तिथे रिपोर्ट टाइप करायचो आणि माझ्या टेबलावरून त्यांचं कोर्ट सरळ दिसायचं. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगर फिरून बाहेर आल्या, की लाल भाग खाली बसलेला असायचा आणि वर पिवळसर पाणी राहायचं. बाई एकेक नळी खिडकीच्या उजेडात धरायच्या. पाणी गढूळ दिसलं, की बाहेर बाकापाशी जाऊन विचारायच्या, "काका, उपाशी यायला सांगितलं होतं ना? काय खाल्लंत?" काका मान खाली घालायचे. बावीस वर्षांत एकही आरोपी सुटला नव्हता.

त्या वर्षी आमच्याकडे एक अभ्यास आला. वजन जास्त आणि वर मधुमेह, अशा माणसांपैकी कुणाच्या यकृतात चरबी साठते, कुणाचं यकृत पुढे कडक होत जातं, हे रक्तातल्या बारीकसारीक पदार्थांवरून ओळखता येईल का, एवढाच प्रश्न. मला तर नवलच वाटलं. पोटातल्या अवयवाची चहाडी दंडातलं रक्त करणार! अट मात्र कडक होती. बारा तास उपाशी राहायचं. तीन नमुने बाद झाले, की नाव कट आणि यकृताची मोफत तपासणीही गेली.

बाईंनी नवऱ्याचं नाव घातलं. ते कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या बनवायचे. वजन एकशे आठ, मधुमेह आठ वर्षांचा. त्यांचे वडील दारूच्या थेंबालाही न शिवता यकृताच्या आजाराने गेले होते, म्हणून बाईंनी त्या तपासणीचा ध्यासच घेतला होता.

पहिला नमुना फिरून आला, तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं.

"बिस्किटं खाल्लीत," बाई म्हणाल्या.

"शपथ, नाही गं."

बाईंनी फॉर्मवर 'उपाशी' या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि नळी टाकून दिली. घरी बिस्किटांच्या डब्याला कुलूप लागलं. कुलूपवाल्याच्या घरात कुलूप! आम्ही आठवडाभर हसत होतो.

तीन महिन्यांनी दुसरा नमुना. तोही पांढराफटक. "तुम्हाला कुलूप लावून उपयोग काय म्हणा!" बाई सगळ्यांसमोर कडाडल्या. ते बाकावर बसून चाव्यांचा जुडगा चाळवत राहिले. खोटं कशाला सांगू, मलाही त्यांचा रागच आला होता. एवढा मोठा माणूस आणि बिस्किटं चोरतो.

तिसऱ्या वेळी बाईंनी आदल्या दिवशी रजा घेतली. संध्याकाळी सातला नवऱ्याला समोर बसवून जेवू घातलं आणि स्वयंपाकघरातला दाणा न् दाणा शेजारणीकडे नेऊन ठेवला, डब्यासकट. सकाळी त्यांना हाताला धरून लॅबमध्ये आणलं.

यंत्र थांबलं. बाईंनी नळी उजेडात धरली. पांढरी.

त्यांनी फॉर्म ओढला आणि 'उपाशी' या रकान्यात 'होय' लिहिलं. काही माणसांचं यकृतच इतकी चरबी बनवून रक्तात सोडतं, की उपाशीपोटीही रक्त असं दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं का? चांगलं पाठ होतं, नव्या मुलींना त्याच शिकवायच्या. पण नवऱ्याच्या नळीत त्यांना बिस्किटंच दिसली. आजवर मान खाली घातलेल्या सगळ्या काकांनी खरंच खाल्लं होतं का, हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात वळवळतो आहे.

हा नमुना बाद झाला नाही, त्यामुळे यकृताची तपासणी त्याच दिवशी झाली. चरबी भरपूर, कडकपणाला नुकती सुरुवात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, अजून बरंच मागे नेता येईल.

बाई बाकावर नवऱ्याशेजारी बसल्या. "सहा महिने मी फुकट घालवले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "चुकले मी. पण तुम्ही भांडला का नाहीत?"

"भांडून काय करू? तुझा निकाल लागलेला होता." ते जरा हसले. "ते कुलूप माझ्या हातात अर्ध्या मिनिटात उघडलं असतं. पण तू लावलं होतंस ना, मग हात नाही लावला."

बाई उठल्या, माझ्या टेबलापाशी आल्या आणि जुने दोन्ही फॉर्म मागितले. दोन्हींवरचं 'नाही' खोडून त्यांनी 'होय' लिहिलं, खाली सही केली. नळ्या केव्हाच फेकल्या होत्या, त्या कागदांचा अभ्यासाला काडीचा उपयोग नव्हता. तरी मी ते फाइलला लावून ठेवले.