देवाला विचारलं, सासूबाईंना नाही

लातूर नवा जिल्हा झाला त्या काळातली गोष्ट. देगलूरजवळच्या एका खेड्यात मी नर्सबाई होते. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती आणि विहिरीत तळाचा गाळ दिसत होता. अशात लातूरच्या सरकारी दवाखान्यात बदली घेता का, अशी विचारणा आली. राहायला क्वार्टर, दारात नळ. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

अडचण सासूबाईंची होती. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून आम्ही दोघीच. ह्यांची कबर गावाबाहेर. सासूबाई दर रविवारी उपासना झाली की तिथं जाऊन बसत. लेकाला सोडून ही बाई येणार नाही, हे मीच मनाशी ठरवून टाकलं होतं. आता त्यांना एकटं टाकायचं की आलेली संधी सोडायची, एवढाच प्रश्न उरला होता.

आमच्या ख्रिस्ती घरांत वचनांची पेटी असते. तिच्यात बायबलमधली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं एक काढायची, वर्षभरासाठी एकच. मी मात्र त्या आठवड्यात रोज काढू लागले. पहिली निघाली ती थांबून राहण्याची. मन खट्टू झालं, म्हणून पेटी हलवून दुसरी काढली, ती निघून जाण्याची. तेवढ्यात सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, म्हणून तिसरी. ती उपकारस्तुतीची होती, तिचा अर्थ काय लावणार? देवाची मर्जी शोधते म्हणत मी स्वतःचीच मर्जी चाळत बसले होते. हे आज कळतं. तेव्हा देव बोलत नाही म्हणून मी चक्क त्याच्यावर रुसले होते.

शेवटी शनिवारी नकाराचा अर्ज लिहिला आणि तो द्यायला देगलूरला गेले. ऊन मी म्हणत होतं. एका भुसार दुकानाच्या सावलीला टेकले. दुकानदार म्हातारे, कपाळावर विभूतीचे पट्टे. माझी त्यांची ओळखदेख नाही. त्या दिवसांत मागूनही कुणी पाणी देत नसे, त्यांनी न मागता तांब्या पुढे केला. पाणी पिता पिता मला रडूच कोसळलं. त्यांनी काय झालं विचारलं आणि त्या परक्या माणसाला मी सगळं सांगून बसले, चिठ्ठ्यांसकट.

ते हसले नाहीत. म्हणाले, "आठ दिस झाले देवाला इचारून राहिल्या. सासूबाई काय म्हनल्या?"

"त्यांना नाही विचारलं."

"मंग? देवानं घरात बोलतं मानूस ठिवलंय बाई, त्याला तर इचारा."

अर्ज पिशवीतच ठेवून मी परत आले. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, "आई, लातूरला येता का माझ्यासोबत?"

त्यांचे हात थांबले. "मला नेतीस? गावात समद्यांला ठावं हाय तुझ्या बदलीचं. तू बोलंना झालीस, तवा मला वाटलं, म्हातारीला हितंच ठिवून जातीस."

"आणि ह्यांची कबर?"

"लेक माझा देवापाशी हाय गं. मातीला काय राखत बसायचं? तुझी घागर बघून लई जीव तुटतो माझा."

दोघी एकाच घरात, एकाच देवापुढे आठ दिवस एकमेकींसाठी झुरत होतो, आणि तोंड उघडायची हिंमत एकीलाही झाली नव्हती. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

लातूरला सगळं आबादीआबाद झालं असं नाही. नळ तिथंही रुसायचा. पण आम्ही सोबत होतो. त्या आजोबांना देवानं माझ्यासाठी बसवलं होतं, की ते येणाऱ्याजाणाऱ्याला रोजच पाणी पाजत होते, याची मी चिकित्सा करत नाही. उपकार मानते, देवाचे आणि त्यांचेही. देवाच्या स्वाधीन होणं म्हणजे आपला अंदाज सोडून देणं, एवढं मला त्यांनी शिकवलं.

सासूबाई माझ्याजवळ नऊ वर्षं राहिल्या. शेवटच्या दुखण्यात मी मन घट्ट करून विचारलं, "आई, तुम्हाला गावी नेऊ का, ह्यांच्या शेजारी?"

त्यांनी माझा हात धरला. "तुला फुलं घेऊन यायाला जवळ पडंल, तिथं ठिव."