दोन पंपांची कार्डं

माझ्या साडूंइतका कागदावर जीव लावणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही, आणि खरं सांगतो, सापडूही नये. लढाऊ विमानांच्या दुरुस्तीच्या कामात ते सुट्या भागांच्या नोंदी ठेवत. तिथे प्रत्येक भागाचं एक कार्ड असतं: कधी बसवला, किती तास उडाला, कधी उघडून पाहिला. भाग विमानातून निघाला की कार्डही त्याच्याबरोबर निघतं. हीच शिस्त साडूंनी घरात आणली. मिक्सर, पंखे, सासऱ्यांची कवळी, सगळ्यांची कार्डं होती. येवल्याला पैठणी घ्यायला गेलो, तर साडी राहिली बाजूला, हे विणकराला विचारतात, "मागाचा धोटा शेवटचा कधी बदलला?" माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाचं अपेंडिक्स काढलंय हे कळताच म्हणाले, "कागद आहे का?" सगळ्यांच्या घशात पोहे अडकले. मेहुणी कपाळाला हात लावायची. "स्वतः पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही," हे मात्र ते इतक्या गंभीरपणे म्हणत की मला हसू दाबावं लागे.

मग त्यांच्याकडून दुरुस्त होऊन गेलेलं एक विमान पडलं. वैमानिक गेला. एकुलता एक मुलगा, तिशीही गाठली नव्हती. असं झालं की त्या विमानाची सगळी कागदपत्रं लगेच कपाटात घालून सील करतात. त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसल्या बसल्या साडूंचा चेहरा पांढरा पडला. त्या विमानात बसवायचा इंधनाचा पंप आणि हुबेहूब तसाच, पण आयुष्य संपलेला दुसरा पंप एकाच दिवशी त्यांच्या टेबलावर आले होते. "पाहुणे, कार्डांची अदलाबदल झाली असेल तर? बाद पंप मीच पाठवला असेल तर?" कपाट बंद होतं, बघायची सोय नव्हती. मी म्हणालो, "गप्प बसा, चौकशीत काय ते निघेल." दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून साहेबांना सांगून आले. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि भीतीही वाटली.

चौकशी कित्येक महिने चालली. साडू ताटावर बसत आणि नुसते भाताकडे बघत राहत. शेवटी निकाल आला. कार्डं खरोखरच बदलली होती, बाद पंपच विमानात गेला होता. पण तो शेवटपर्यंत नीट चालला होता. अपघात इंजिनात पक्षी शिरल्यामुळे झाला. साडूंना लेखी ताकीद मिळाली. मी पेढे घेऊन गेलो. "सुटलात बुवा!"

त्यांनी पेढा हातातच धरला. "पक्षी आडवे आले म्हणून मी वाचलो, पाहुणे. हे काय वाचणं झालं?"

वर्तमानपत्रात त्या मुलाच्या गावाचं नाव आलं होतं. तेवढ्या पत्त्यावर साडूंनी, ते विमान आमच्याकडे दुरुस्तीला होतं एवढंच सांगून, त्याच्या आईला चार ओळी सांत्वनाच्या लिहिल्या. चूक कळवावी असं त्यांच्या फार मनात होतं, पण नोंदींतलं काही बाहेर सांगायची सक्त मनाई. पत्र पोचलं, आणि उत्तरही आलं. "तुम्ही ते विमान पाहिलं आहे. कसं होतं हो? आमचा बाळ घरी कधी काही सांगायचा नाही."

दोन दिवस साडू ते पत्र घेऊन बसले. मग लिहिलं, "ताई, विमान चांगलं होतं. तुमचा मुलगा त्यात चढताना हसायचा."

त्या मुलाला साडूंनी कधीही पाहिलं नव्हतं. मी पाकिटावर तिकीट लावलं.