पडलेला नको, पडताना हवा

अमेरिकेत आमच्या पिस्कॅटवे गावच्या मराठी मंडळींत मला 'वेधशाळा' म्हणतात. हे कौतुक नाही. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. माझं नाव त्याच अर्थाने पडलं.

ते पडलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. शनिवारी गुडघाभर स्नो पडणार, कोणीही घराबाहेर पडू नका, असं मी इतक्या अधिकाराने सांगितलं की बायकांनी घाबरून हॉल कॅन्सल केला. तिळाच्या वड्या ज्यांनी केल्या त्यांच्याच घरी राहिल्या. आणि शनिवारी असं काही ऊन पडलं, की माझ्या बायकोने त्या उन्हात घरातल्या सगळ्या गोधड्या वाळत घातल्या. मागच्या अंगणात नाही. पुढे, रस्त्यावरून सगळ्यांना दिसतील अशा.

तरी मी सुधारलो नाही, कारण या वेडात मी एकटा नाही. आमचा चौघांचा एक ग्रुप आहे. एक मी. दुसरा आमच्याच गल्लीतला नागपूरकर, जो बायकोचा वाढदिवस विसरतो पण हवामानाचं युरोपियन मॉडेल किती वाजता अपडेट होतं ते विसरत नाही. तिसऱ्या काकू, ज्या इथे आल्या तेव्हा आम्ही बालवाडीत होतो. आणि चौथा मिनेसोटात ईडन प्रेरीला राहणारा मूळचा पुणेकर. त्याच्याकडे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत स्नो असतो, आणि तो त्याच्या फोटोंखाली 'पार्सल पाठवू का?' एवढंच लिहितो.

हवामानाचा अंदाज देणारी कॉम्प्युटरची दोन मोठी मॉडेल्स आहेत, एक अमेरिकन आणि एक युरोपियन. त्या दोघांचं सहसा पटत नाही. मी अमेरिकनच्या बाजूचा, नागपूरकर युरोपियनच्या. दोघांच्या पत्रिका जुळल्या की आम्ही मुहूर्त काढतो आणि मग वादळ दुसऱ्याच गावी लग्न लावून मोकळं होतं. हिवाळ्यात रविवारी काकूंकडे चहाला जमलो की आधी येणाऱ्या वादळाचं बोलणं होतं, आणि ते आटोपलं की आलेल्या वादळांचं. काकू सांगतात, त्यांच्या डोहाळजेवणाच्या दिवशी दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. चाळीस पानं वाढायची होती, जेवायला नवराबायको दोघंच. मग शेजारची अमेरिकन म्हातारी खिडकीतून आत आली आणि तिने आयुष्यातली पहिली पुरणपोळी केचपला लावून खाल्ली. नागपूरकर त्याच्या पहिल्या हिवाळ्यातलं सांगतो. पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून त्याने त्यावर किटलीभर उकळतं पाणी ओतलं, आणि पाच मिनिटांनी त्याच पायऱ्यांवरून तो फाटकापर्यंत बसल्या बसल्या गेला. माझी गोष्ट मी सांगत नाही, तरी दरवर्षी कोणीतरी काढतंच. एका मोठ्या वादळानंतर मी सकाळभर फावड्याने खणून गाडी बाहेर काढली. शेजारी कॉफीचा कप घेऊन आला, मला मिठी मारली आणि ती गाडी घेऊन कामाला गेला. बर्फाखाली सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

आता खरी भानगड एका शब्दाची. आपल्या मराठीत सगळा बर्फच. एकदा मी ग्रुपवर लिहिलं, 'दुपारपासून बर्फ पडणार, बघायला आमच्याकडे या, भजी आहेत.' मंडळी आली. पडला तो मात्र पाऊस, जो जमिनीला टेकला की तिथेच गोठत होता. भजी संपेपर्यंत रस्ता, अंगण, गाड्या, सगळ्यांवर काच चढली. काकूंच्या गाडीचं दार उघडेना. पाहुणे रात्री खिचडी खाऊन आमच्या हॉलमध्ये झोपले.

सकाळी काकूंनी मला झापलं. "अरे, सरबतातला बर्फ, आभाळातला बर्फ आणि माझ्या दाराला चिकटला तोही बर्फच? काहीतरी नीट ठरव की."

मी ठरवलं. अशी कामं मला फार आवडतात. पिसासारखं भुरभुरत येतं ते 'हिम'. काचेसारखं गोठतं ते 'बर्फ'. टणटण दाणे पडतात तो 'साबुदाणा'. आणि हे सगळं एकदम पडतं, अमेरिकन बातम्यांत ज्याला 'विंट्री मिक्स' म्हणतात, ती अर्थातच 'मिसळ'.

"हिम म्हटलं का मले वाटते आता जटा वाढवून बसा लागते," नागपूरकर म्हणाला. पण नियम पास झाला. तो नियम मी केला होता, हे कृपया लक्षात ठेवा.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्याकडे अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे सासरे. लातूरजवळच्या एका गावात ते आयुष्यभर भूगोल शिकवत होते. आतापर्यंत ते दोनदा आले ते उन्हाळ्यातच, कारण थंडी गुडघ्यांना सोसत नाही. या वेळी मात्र हट्टाने नोव्हेंबरात आले. का, ते त्यांनी पहिल्याच चहाला सांगितलं.

"जावईबापू, मी दरवर्षी सहावीच्या पोरांना हिमवर्षाव शिकवला. एकदा एक कार्टं उठून म्हणालं, 'सर, तुम्ही पाहिला का?' मी म्हटलं, पाहीन तेव्हा सांगीन. ते कार्टं आता स्वतः हेडमास्तर झालंय. अजून बाजारात भेटलं की विचारतं, 'सर, पाहिला का?'"

"पाहाल हो अप्पा! इथे काय, ढिगाने असतो."

"ढीग नको. पडलेला बर्फ काय, फ्रीझरमध्येही असतो. मला पडताना पाहायचाय." मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "व्हिसा काय, पुढच्या वेळीही देतील. हे गुडघे देतील का, सांगता येत नाही."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. माझी बायको ओट्याजवळ उभी होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. गोधड्या वाळत घालताना तिचा चेहरा असाच होता.

डिसेंबर कोरडा गेला. जानेवारीत नुसता पाऊस. पुणेकर रोज फोटो पाठवायचा, आणि अप्पा चष्मा वर करून म्हणायचे, "फोटो पुस्तकातही होता." रोज सकाळी ते चहा घेऊन माझ्या लॅपटॉपशेजारी बसत. "तुमचा अमेरिकन काय म्हणतो? आणि तो युरोपियन?" जसं काही घरात दोन भाडेकरू ठेवलेत.

शेवटी एक वादळ किनाऱ्याच्या बाजूने येताना दिसलं. माझं अमेरिकन मॉडेल म्हणत होतं की आमच्याकडे गोठणारा पाऊस आणि उत्तरेला डोंगरात भरपूर स्नो. खात्री करायला मी नागपूरकराला विचारलं. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, त्याने एकच ओळ टाकली: 'उद्या इथं बर्फ. पक्का.'

झालं! बर्फ म्हणजे काच. माझाच नियम. इथे थांबून अप्पांना घसरगुंडी दाखवायची की डोंगरात नेऊन हिम? मी थर्मास भरला, धपाटे बांधून घेतले, अप्पांना दोन स्वेटर आणि कानटोपी चढवून पहाटेच निघालो. चार तास ड्राइव्ह करून डोंगरात पोचलो तर तिथे लख्ख ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही. आम्ही एका तळ्याकाठच्या बाकावर बसून धपाटे खाल्ले. अप्पांनी आधी वरचा स्वेटर काढला, मग आतला, मग कानटोपी.

"जागा छान आहे," ते म्हणाले. "महाबळेश्वरची आठवण होते."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मुलगी इथेच जन्मलेली, बारा वर्षांची. ती ओरडतच होती. "डॅडी, इट्स स्नोइंग! लाइक, क्रेझी स्नोइंग! व्हेअर आर यू गाइज?"

मी नागपूरकराला फोन लावला. "अरे, तू बर्फ म्हणालास ना!"

"हो, मग? बर्फच पडून राह्यला ना!"

"आपल्यात त्याला हिम म्हणायचं ठरलं होतं!"

तो म्हणाला, "म्हणजे तू खरंच ते पाळते का बे?"

आम्ही घरी पोचलो तेव्हा सगळं थांबलं होतं. अंगणात मुलीने केलेला बर्फाचा माणूस उभा होता, नाकाच्या जागी गाजर. अप्पांनी छत्रीच्या टोकाने त्याला हळूच टोचलं. "पडलेला," ते म्हणाले. "छान आहे." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्या 'छान आहे'ने मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर घरात माझ्या अंदाजांवर बंदी आली. अप्पांच्या जाण्याला आठवडा उरला. दोन्ही मॉडेल्स, इतर वेळी एकमेकांची तोंडं न पाहणारी, आता एकमताने सांगत होती: थंडी, पण कोरडी. मग सूत्रं मुलीने हातात घेतली. इथल्या शाळकरी पोरांची एक पद्धत आहे. स्नोने शाळेला सुट्टी मिळावी म्हणून झोपताना पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा आणि फ्रीझरमधले बर्फाचे खडे टॉयलेटमध्ये फ्लश करायचे.

"आजोबा, यू हॅव टू बिलीव्ह इन इट. नाही तर होत नाही."

अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, जसं काही नवीन शासकीय परिपत्रक आहे. "म्हणजे आमच्याकडे देव पाण्यात घालतात, तुमच्याकडे बर्फ संडासात घालतात. पद्धत तीच, जागा तेवढी वेगळी." आणि सकाळी पाहतो तर भूगोलाचे निवृत्त मास्तर उलट्या पायजम्यात चहा घेत बसलेले, नाडी शोधत. सहा रात्री चमचा उशीखाली होता. सहाही सकाळी आभाळ निळं.

जायच्या दिवशी काकू दडपे पोहे घेऊन आल्या. अप्पा सगळ्यांशी हसून बोलले. आम्ही चौघं गाडीत बसल्यावर मात्र ते काचेतून आभाळच पाहत राहिले. नेवार्कच्या एअरपोर्टवर पार्किंगचे खालचे मजले भरलेले, म्हणून मला अगदी वरच्या उघड्या गच्चीवर जावं लागलं. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या दिल्या, की या थंडीत म्हाताऱ्या माणसाला चालवायचं. डिकीतून बॅगा काढत होतो, पाठ वळलेली.

"जावईबापू," अप्पा म्हणाले. "हे काय आहे?"

मला वाटलं विमानाचा धूर, नाही तर कुठली राख. वळून पाहिलं. त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर एक पांढरा कण होता. मग दुसरा. ढग असा धड नव्हताच, नुसता राखाडी पडदा, आणि त्यातून ते येत होतं, विरळ, कुठे जायचंय ते न ठरवता. अमेरिकनने सांगितलं नव्हतं, युरोपियननेही नाही. मी तर सांगितलं नव्हतंच, आणि म्हणूनच बहुधा आलं.

मुलगी उड्या मारत होती. "द स्पून! आजोबा, इट्स द स्पून!"

अप्पांनी कानटोपी काढली. टक्कल असलेला माणूस, पण त्यांनी डोकं वर केलं आणि तसेच उभे राहिले. कपाळावर एकेक कण टेकत होता आणि पाणी होत होता. बायको म्हणाली, "अप्पा, सर्दी होईल," पण तिचाच आवाज ओला होता, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

"याला आवाजच नाही," अप्पा म्हणाले. "पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "आणि मी पोरांना चुकीचं शिकवलं. बर्फ पडतो म्हणून सांगत होतो. हा पडत नाही हो. हा उतरतो."

डिकीतून बॅगा काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते संपलं. जमिनीवर काहीच राहिलं नाही. ढीग नाही, फोटो नाही, कारण फोन काढायचं कोणाला सुचलंच नाही.

आत सिक्युरिटीच्या रांगेत अप्पा मशीनमधून गेले आणि ते किंचाळलं. लांबून आम्हाला दिसत होतं. अधिकाऱ्याने खिसा तपासायला सांगितला, अप्पांनी आतल्या खिशात हात घातला आणि आमच्या घरातला स्टीलचा चमचा बाहेर काढला. अधिकाऱ्याने काय विचारलं ते ऐकू आलं नाही. अप्पांनी मात्र बोटाने वर आभाळाकडे दाखवलं आणि दोन्ही हातांनी भुरभुर करून त्याला समजावून सांगितलं, अगदी सहावीच्या वर्गात सांगावं तसं. त्याने चमचा परत दिला.

एप्रिलमध्ये अप्पांचा फोन आला. "हेडमास्तर भेटला बाजारात. मी आपणहून सांगितलं, पाहिला. तर तो विचारतो, 'किती सर?' आता काय सांगू? म्हटलं, टकलावर मावेल एवढा. कार्टं हसलं हो! म्हणे, 'एवढाच?'"

"मग?"

"मग काय! एवढ्याने त्याचं समाधान होत नाही. मोठा पाहायला हवा. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय." ज्या ऑपरेशनसाठी माझी बायको कित्येक वर्षं त्यांच्या मागे लागली होती, ते. "डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत चालायला लागाल. चमचा आहे माझ्याकडे. तेवढं युरोपियनला विचारून ठेवा."

इतक्या आधी कुठलंही मॉडेल काही सांगू शकत नाही, हे मी त्यांना समजावलं. आठ महिने पुढचं सांगणारा माणूस एक तर ज्योतिषी असतो, नाही तर मूर्ख. मग फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं: 'येत्या डिसेंबरात जोरदार उतरणार. नक्की.'

पुणेकराने अंगठा दाखवला. काकूंनी विचारलं, 'म्हणजे छत्री घरी ठेवू ना रे?' नागपूरकर बराच वेळ टाइप करत होता. मग त्याचा मेसेज आला.

'हिम का बर्फ, ते सांग आधी.'