मोकळी गाडी

जुनी गाडी बघायला गेली की अंजनी आधी उतार शोधायची. टायर, रंग, कागद यांतलं काही ती बघत नसे. ते तिचा दीर सदू बघायचा. गाडी उताराला तोंड करून उभी करायला लावायची. इंजिन बंद, हातब्रेक सोडलेला, पहिला गिअर टाकलेला आणि चाकाखाली दगड नाही. मग पदर खोचून ती गाडीच्या पुढ्यात, बंपरपासून हातभर अंतरावर उभी राहायची. सदू आत ब्रेकजवळ पाय धरून घामाघूम. विकणारे हसायचे. अंबरनाथचा एक दलाल म्हणाला, बाईला गाडी घ्यायची आहे का गाडीखाली जायचं आहे?

सदू त्या दलालाशी भांडला नाही. तिला गुपचूप परत घेऊन आला.

एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट. सदूला जुनी डिझेल पिकअप घ्यायची होती. चामटोली गावची काकडी, वांगी, भेंडी पहाटे उल्हासनगरच्या बाजारात टाकायची आणि येताना तिथल्याच कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणायचे. गावातल्या बायका घरी बसून त्या पँटींचे धागे कापत, त्यात अंजनीही होती. धंदा चालणारा होता, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सदूचा मोठा भाऊ भगवान हाच धंदा करत होता. पण अंजनी हो म्हणेपर्यंत घरात गाडी येणार नाही, असं सदूने स्वतःच ठरवलं होतं. भगवान तिचा नवरा.

भगवान गेला त्याला सात वर्षं झाली होती. माल टाकून परत येत होता. गावाच्या अलीकडे ओढ्याला उतरणारा रस्ता आहे, तिथे गाडी तापली म्हणून त्याने ती उभी केली आणि डबा घेऊन पाण्याला खाली गेला. तो वाकून पाणी भरत असताना गाडी मागून आली.

बांधावर गवत कापणारी गयाबाई तेवढी जवळ होती. लोक धावत आले, गाडी मागे ढकलून त्याला काढलं. त्या गोंधळात गिअर कोणी काढला, हातब्रेक कोणी ओढला, कोणाला आठवणार? पंचनाम्याच्या वेळी गाडी न्यूट्रलला होती. गयाबाईला विचारलं तेव्हा ती रडत एवढंच म्हणाली, "गाडी मोकळी होती."

संपलं. भगवानने गाडी मोकळी सोडली. गिअर टाकला नाही. कोणी म्हणालं, घाईत असेल. कोणी म्हणालं, बाजारात प्यायला असेल. भगवान आठवड्यातून एकदा प्यायचा, तेही घरी. पण हे सांगायला अंजनी त्या दिवशी शुद्धीवर नव्हती, आणि नंतर कोणी विचारलं नाही.

सासू रखमा हिने त्या मरणाची म्हण करून टाकली. मुद्दाम नाही. लेकाचं दुःख तिला रागावल्याशिवाय काढता येत नव्हतं. कोणी नळ चालू ठेवला, दाराची कडी लावली नाही, शेळी बांधायची राहिली, की ती ओरडायची, "केलीस भगवानाची गाडी." सासू गेली, म्हण राहिली. पोरं बोलू लागली, शेजारी बोलू लागले. अंजनी नवऱ्याचं नाव घेत नसे, म्हणून ती फक्त "केलीस गाडी" म्हणायची. पण म्हणायची. पोटच्या मुलीलाही म्हणायची.

आणि जे घरंगळेल त्याला ती दगड लावायची. गॅसच्या सिलिंडरला, हातगाडीला, पाळण्याच्या पायाला. शिवणयंत्राच्या चाकाला तिने दगड लावला तेव्हा सदूची बायको सरस्वती हसली, आणि मग तोंडावर हात ठेवून आत गेली.

एक गोष्ट मात्र तिला स्वस्थ बसू देत नव्हती. भगवान चाकाला दगड लावणाऱ्यांना हसायचा, हातब्रेकही ओढत नसे. त्याचं वाक्य ठरलेलं होतं, गिअरात टाकली की गाडी म्हणजे खुंट्याला बांधलेली म्हैस. अंगणातसुद्धा तो आधी गिअर टाकायचा आणि मग उतरायचा. अंजनी चुलीपुढे असली तरी तो खटका तिला ऐकू यायचा, आणि ती चहाचं आधण ठेवायची. सात वर्षं झाली तरी संध्याकाळी कुठे तसा खटका झाला, की तिचा हात पातेल्याकडे जायचा. असा माणूस त्याच दिवशी कसा विसरला?

म्हणून ती गाड्यांपुढे उभी राहत होती. बांधलेली म्हैस खरंच थांबते का, ते बघत होती. प्रत्येक गाडी थांबत होती. प्रत्येक गाडी थांबली की तिचा नवरा पुन्हा एकदा चुकलेला ठरत होता, आणि ती सदूला म्हणायची, "ही नको."

शेवटी कॅम्प दोनमध्ये किशिनचंद शेठच्या वखारीत गेले. मागे नाल्याकडे उतरणारा रस्ता होता. शेठने पिकअप दाखवली. निळा रंग नवा, सीट नवी, आरशाला लिंबू-मिरची. पण धूर काळा. सदूला आवडली नव्हती. वैनींची परीक्षा होऊन जाऊ दे, म्हणून त्याने ती उताराला लावली, गिअर टाकला, हातब्रेक सोडला. अंजनी पुढे उभी राहिली.

गाडी थांबली. अंजनीने मान फिरवली. तेवढ्यात गाडीने उचकी लागल्यासारखा धक्का दिला आणि बोटभर पुढे आली. थांबली. मग दुसरी उचकी. मग तिसरी, जरा लवकर.

सदूने ब्रेक दाबला. "वैनी, बाजूला व्हा."

ती बाजूला झाली नाही. "भावजी, गिअर काढलात का?"

"गिअरातच आहे."

ती दार उघडून आत वाकली. गिअरचा दांडा हाताने हलवून पाहिला. पहिल्यातच घट्ट बसलेला होता. 

शेठला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. तो समजवायला लागला. सिंधी माणूस, पण बदलापूरच्या शेतकऱ्यांशी व्यवहार करून त्याची मराठी तयार झालेली. "बाई, गिअर को कुछ नहीं हुआ. गिअर पकडतो, पण इंजिनमध्ये दम पाहिजे ना. जुना डिझेल इंजिन, आतून घिसलेला, तो थोडा थोडा सोडतो. दगड लावायचा, बस. आणि आता तर गाडी मोकळी आहे. भरली तर आणखी जोरात जाईल, खोटं का बोलू?"

"मोकळी?" अंजनी म्हणाली. "गिअरात आहे म्हणालात ना?"

"गिअरात आहे. मोकळी म्हणजे खाली. माल नाही. तुमचे लोकच बोलतात ना, गाडी मोकळी आली?"

अंजनी वखारीबाहेर पडली. शेअर रिक्षात सदू तिला दुसऱ्या गाड्यांचं सांगत होता, तिला तो काळा धूर आठवत होता. भगवानची गाडीही शेवटी शेवटी काळा धूर सोडायची. धुतलेले कपडे काजळतात म्हणून ती कटकट करायची, आणि तो गाडी अंगणाबाहेर लावायचा. अंगणाबाहेरची जागा सपाट होती.

घरी न जाता ती गयाबाईच्या पडवीत गेली. गयाबाई आता म्हातारी झाली होती, डोळ्यांत फूल पडलेलं. सदू दारातच उभा राहिला. अंजनीने विचारलं, तेव्हा तू गाडी मोकळी होती म्हणालीस, ते कशावरून?

गयाबाईला प्रश्नच कळेना. "कशावरून म्हंजे? बघितली ना म्या. भाजी टाकून आलता तो. मागं करंड्या पन नव्हत्या, गठ्ठे पन नाय. मोकळीच होती."

"आणि गिअर?"

"त्यो काय अस्तो बाय? मी जल्मात गाडीत नाय बसले." मग ती थोडी थांबली. "भरलेली असती तर आवाज आला असता. करंड्या वाजतात. मी वरडले असते त्याला. मोकळी होती म्हून गुपचूप आली. तेच सांगत होते मी. मला कोनी पुढचं इचारलंच नाय."

 अंजनी उठली, गयाबाईच्या अंगावरून घसरलेली गोधडी तिने सारखी केली आणि बाहेर आली.

नंतर महिन्याभराने बदलापूरच्या एका भाजीवाल्याची पिकअप घेतली. दिसायला कुरूप, पत्रा ठोकलेला, पण इंजिन दमदार. अंजनी पुढे उभी राहिली आणि गाडी हलली नाही, तरी या वेळी ती हो म्हणाली. सदूने नारळ फोडला, सरस्वतीने चाकांवर पाणी घातलं.

गावाला कोण सांगणार? सदूने चार ठिकाणी सांगून पाहिलं. लोक म्हणाले, असेल बाबा, आता काय त्याचं. म्हण तशीच राहिली. एक दिवस अंजनीच्याच मुलीने, अंजनीसमोर, पाण्याची टाकी वाहिली म्हणून सदूच्या पोरीला म्हटलं, केलीस भगवानाची गाडी. आपल्या बापाचं नाव आहे हे त्या पोरीच्या मनातही नव्हतं. अंजनीने तिला मारायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. कोणी शिकवलं होतं तिला?

त्या संध्याकाळी सदू कॅम्पातून गठ्ठे घेऊन आला. अंगणात गाडी लागली, इंजिन बंद झालं, आणि तो खटका झाला. अंजनीने आधण ठेवलं. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि दगड शोधू लागली.

"गिअरात आहे, वैनी," सदू उतरता उतरता म्हणाला.

"त्यांचीपण गिअरातच होती," अंजनी म्हणाली, आणि चाकाखाली दगड सारला.